सातव्या प्रश्नाचं उत्तर

"यंत्र बोलायला लागलं की आधी त्याला गप्प बसायला शिकव," असं खंडागळे सर मला म्हणाले होते, आणि मी हसले होते.

हसण्यासारखंच होतं ते. नव्या संगणकाची पेटी मांडीवर घेऊन मी फरशीवर बसले होते. एका बाजूला माझी दोन वर्षांची रेवू, दुसऱ्या बाजूला तिनं सांडलेली नाचणीची पेज. फोनवर कराडहून सर मला सांगत होते, की जे बोलावं म्हणून विकत घेतलं त्याला गप्प बसायला शिकव.

"मग बंद पडलेला रेडिओच आणते ना सर. आमच्या घरात आहे एक."

"कर चेष्टा. पण मी माहितीपुस्तिका पूर्ण वाचलीय. सातवा प्रश्न आला की थांबायचं आणि 'नाही' म्हणायचं. कळलं का?"

"कळलं."

"काय कळलं?"

"सातव्याला नाही."

"हां. यंत्राला जिथं ऐकू येत नाही, तिथं त्यानं 'मला ऐकू आलं नाही' असं म्हणावं. स्वतःच्या मनानं भर घालू नये. आता पेज पूस आधी, तिचा पाय पडेल त्यात."

पेज सांडल्याचं मी त्यांना सांगितलं नव्हतं. वाटी पडल्याचा आवाज त्यांनी दोनशे-अडीचशे मैलांवरून ऐकला होता.

सरांना चौथ्या वर्षापासून दिसत नाही; देवीत डोळे गेले. मला अकराव्या वर्षापासून. अंधशाळेत ते आम्हाला संगणक शिकवायचे. तेव्हाचे संगणक पडद्यावरचं सगळं पत्र्यावर खडे पडल्यासारख्या आवाजात वाचायचे. आम्हा मुलींना गोड आवाज हवा असायचा. सर म्हणायचे, गोड आवाज घ्या, पण तो चुकला की तुम्हाला पत्ता लागणार नाही. एका वाक्यासाठी ते आम्हाला सात-सात वेळा मागे पाठवायचे. त्या सवयीवर मला नोकरी लागली. ग्राहक मंचापासून जमिनीच्या वादापर्यंतच्या सुनावण्या यंत्र टाइप करतं, आणि यंत्रानं बरोबर टाइप केलंय का, ते मी मूळ आवाज ऐकून तपासते. दिवसाला सहा तास. नाशिकच्या घरात बसून, उजव्या कानात कुणाचा तरी बांधावरून झालेला तंटा आणि डाव्या कानात रेवूच्या पायातले घुंगरू.

हे घुंगरू म्हणजे माझे डोळे. ते वाजताहेत तोवर ठीक. थांबले की मी उठते.

तर त्या दुपारी पेज पुसून मी पेटी उघडली. या नव्या संगणकाला पडदाच नाही. एक तळहाताएवढा ठोकळा, वेगळा कळफलक, कानात घालायचं एक बोंड आणि कॉलरला लावायचा कॅमेरा. ठोकळ्याची बाजूची कळ दाबून धरायची, तो हातात दोनदा थरथरला की सोडायची. मग तो बोलायला लागतो. पहिला आवाज इतका सावकाश, की समोरच्याला जरा कमी समजतं असं गृहीत धरून कुणी बोलतंय असं वाटावं. मी आधी वेग चौपट केला. सिन्नरच्या कारखान्यातली पहिली पाळी संपवून माझा नवरा विक्रांत त्याच वेळी घरात आला आणि दारातूनच म्हणाला, "काय गं, मधमाश्या पाळल्यास का?"

"तुला नाही कळायचं."

"मला नकोच कळायला. डबा कुठं ठेवू?"

"ओट्यावर. आणि टिकल्यांचं पाकीट दे मला."

टिकल्या कपाळासाठी नव्हत्या. नव्या कळफलकावर ज्या कळा पटकन सापडायला हव्यात, त्यांच्यावर मी टिकली चिकटवते. बोटाला खूण लागते. ही सरांचीच शिकवण, फक्त ते सायकलच्या पंक्चरच्या रबराचे तुकडे लावायचे. रेवू माझ्या मागोमाग एकेक टिकली सोलून काढत होती.

यंत्र प्रश्न विचारत गेलं. भाषा कोणती. वेग किती. विरामचिन्हं वाचू का. कोणत्या कानात बोलू. मी उजव्या म्हणाले, डावा घरासाठी. मी तुम्हाला काय म्हणू. हेमांगी म्हण. तुमच्या माणसांचे आवाज ओळखायला शिकू का. शीक. मग सातवा प्रश्न आला: "अपुरा राहिलेला आवाज पूर्ण करू का?"

आणि घुंगरू थांबले.

विक्रांत अंघोळीला जाणार म्हणून बादली भरून ठेवून टॉवेल घ्यायला आत गेला होता. मी न्हाणीघराशी पोचले तेव्हा रेवू बादलीच्या काठावर पोट टेकून, दोन्ही हात पाण्यात घालून शांतपणे उभी होती. काहीच झालं नव्हतं. पण मी तिला कडेवर घेऊन तिथेच ओल्यात बसले. विक्रांतवर ओरडले. तो म्हणाला, "एक मिनिट गं, एकच मिनिट." मी म्हणाले, "एका मिनिटातच होतं जे व्हायचं ते."

परत आले तेव्हा यंत्र सांगत होतं, "उत्तर मिळालं नाही. 'हो' असं धरत आहे. प्रश्न आठवा."

धरलं तर धरलं. नंतर बदलू. आता कुणाच्या अंगात त्राण आहे?

नंतर बदललं नाही, कारण ते फार छान निघालं.

ते काय होतं, ते इथं सांगायला हवं. फोनवर आवाज जातो तो अखंड जात नाही. त्याचे बारीक तुकडे होतात आणि तिकडे पुन्हा जोडले जातात. काही तुकडे वाटेत हरवतात. जुन्या फोनमध्येही यंत्र त्या फटीत आधीच्या तुकड्याची नक्कल भरायचं. सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढी भर, आपल्याला कळायचीही नाही. नव्या यंत्रांनी एवढंच केलं, की मोठी फट भरायला ती शिकली. माणसाचं बोलणं महिनाभर ऐकलं, की त्याचा आवाज, त्याची लय, कुठल्या शब्दानंतर त्याचा कुठला शब्द येतो हे त्यांना पाठ होतं. मग अर्धा शब्द हरवला तर ती शब्द पुरा करतात. शब्द हरवला तर वाक्य पुरं करतात. आणि जे बोलण्यासारखं वाटत नाही, म्हणजे भांड्यांचा आवाज, पंखा, मुलांचं रडणं, ते गाळतात. याला ते सांधणी म्हणतात; येणाऱ्या आवाजालाही होते आणि आपल्याकडून जाणाऱ्यालाही. बोलणाऱ्याच्याच आवाजात, त्याच्याच ढंगात, शिवण दिसू न देता सांधलेलं.

आईचा मालेगावहून फोन आला. म्हणाली, "रेवू किती शहाणी झाली गं! अर्धा तास झाला, पोरीचा आवाज नाही." तेव्हा रेवू माझ्या मांडीवर भोकाड पसरून बसली होती. मी म्हणाले, "हो, झालीय शहाणी." आईला बरं वाटलं. मलाही, कारण त्या अर्ध्या तासात तिनं पहिल्यांदाच मला 'तुला जमतंय ना गं बाळाचं?' असं विचारलं नाही.

माझ्या कामात सांधणी लावायला बंदी आहे. सुनावणीतला आवाज जसा आहे तसाच ऐकायचा, असा नियम. का, ते मला चांगलं माहीत होतं. तरी दिवसभर घासलेले, तुटलेले आवाज ऐकल्यावर घरच्या फोनवर स्वच्छ आवाज आला की उशीवर डोकं टेकल्यासारखं वाटायचं.

तीन महिन्यांनी सरांचा जुना संगणक बसला. त्यांनीही हाच घेतला. मांडून देण्याचं काम माझ्याकडे आलं. मी नाशिकला, ते कराडला, मोमीन टेलर्सच्या वरच्या दोन खोल्यांत एकटे. सरांच्या पत्नी, आमच्या बाई, जाऊन सहा वर्षं झाली. दुरून मांडणी करायची परवानगी त्यांनी मला दिली. एकेक प्रश्न घेत बसायचं तर पाऊण तास गेला असता. रेवूला ताप होता. दर दहा मिनिटांनी मी तिच्या छातीवर हात ठेवून श्वास मोजत होते. म्हणून मी माझीच सगळी उत्तरं उचलून त्यांच्या यंत्रात टाकली. फक्त नाव बदललं.

"झालं सर."

"इतक्यात? सातव्याला काय दिलंस?"

रेवू कण्हली. आता मागे जायचं म्हणजे यंत्र बंद करायचं, पुन्हा चालू करायचं, पुन्हा पहिल्यापासून.

"'नाही' दिलंय सर. सगळं बंद केलंय."

"शाब्बास. तुझं काम म्हणजे बघायला नको."

हे वाक्य मला अजून ऐकू येतं. ते सांधलेलं नव्हतं.

सर माझ्याशी बुधवारी आणि रविवारी, संध्याकाळी पाच वाजता बोलत. कधी चुकलं नाही. सुरुवातही ठरलेली: "मजेत आहे मी. तू सांग, पोरगी काय म्हणते?" मग पावसाचं, मग मोमीनभाईंच्या शिलाई यंत्राचं, मग माझ्या कामातल्या चुकांचं. सरांसारख्या नेमाच्या माणसाचा अंदाज बांधणं यंत्राला किती सोपं जात असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

नोव्हेंबरात एका बुधवारी ते जरा कमी बोलले. आवाज मात्र झकास. रविवारी तसंच. मी म्हणाले, "सर, काय आवाज लागलाय आज! दहा वर्षांनी लहान झालात." पुढच्या बुधवारी चार मिनिटांतच आटपलं. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं. त्या आठवड्यात चार सुनावण्या तुंबल्या होत्या आणि रेवूच्या दाढा येत होत्या.

गुरुवारी त्यांचं पत्र आलं.

सर दर महिन्याला रेवूच्या नावानं एक ब्रेल पत्र पाठवतात. ती मोठी झाल्यावर आईकडून वाचून घेईल म्हणून. जाड कागद, पितळी पाटी, टोचणी. पाटीवर उजवीकडून डावीकडे टोचत जायचं, मग कागद उलटला की ठिपके वर येतात आणि डावीकडून वाचता येतात. अंधांच्या टपालाला तिकीट लागत नाही. सर पाकीट दाराच्या कडीला लावलेल्या दुधाच्या पिशवीत ठेवतात आणि दूधवाला जाता जाता पेटीत टाकतो. मी पाकीट फ्रिजवर ठेवलं. निवांत वाचू म्हटलं.

निवांतपणा आला नाही. शनिवारी सकाळी विक्रांतनं रेवूला उचलून घेतलं होतं, तिनं फ्रिजवरून पाकीट ओढलं आणि त्याचा कोपरा चावायला लागली. तिच्या तोंडातून कागद सोडवताना माझं बोट पहिल्या ओळीवरून फिरलं आणि तिथंच थांबलं.

सरांचे ठिपके असे असत, की कधी कधी कागद फाटायचा. आम्ही मुली म्हणायचो, सर लिहीत नाहीत, खिळे ठोकतात. हे ठिपके नुसते उमटल्यासारखे होते. काही जागी सहापैकी दोनच. ओळ मध्येच खाली घसरलेली. एकाच घरात दोनदा टोचलेलं. अर्धं पान कोरं. मी तर्जनी टाकून मधलं बोट लावलं, मग डाव्या हाताचं. बऱ्याच वेळानं एक ओळ लागली.

'फोनवर सांगितलं ते तू ऐकलंस ना.'

"काय सांगितलं त्यांनी?" विक्रांतनं विचारलं.

"काहीच नाही. मजेत आहे म्हणाले."

"मग विचार ना त्यांना."

मी फोन लावला. "मजेत आहे मी," सर म्हणाले. स्वच्छ, ठसठशीत. "तू सांग, पोरगी काय म्हणते?"

"सर, पत्र मिळालं. हात दुखतोय का तुमचा?"

"अगं, इकडं पाऊस काही थांबेना बघ."

नोव्हेंबर संपत आला होता.

माझा उजवा कान म्हणत होता सर ठीक आहेत, आणि माझं बोट म्हणत होतं नाहीत. आयुष्यात मी नेहमी कानाची बाजू घेतलीय. त्या सकाळी पहिल्यांदा मला वाटलं, की कागदाला कुणी सुधारू शकत नाही.

सातवा प्रश्न.

दुरून मांडणी करायची परवानगी अजून माझ्याकडेच होती. कळफलकावर टिकल्या उरल्या नव्हत्या, कळा चाचपताना दोनदा चुकले. त्यांचं आणि माझं, दोन्ही यंत्रं बंद करून पुन्हा चालू केली, पहिल्यापासून सातव्या प्रश्नापर्यंत गेले. 'नाही' दाबलं. आणि पुन्हा फोन लावला.

फोन उचलला गेला. पंखा ऐकू आला. खालच्या शिलाई यंत्राची घरघर. कितीतरी दिवसांनी ऐकले मी हे आवाज, आणि तेव्हा कळलं, की इतके दिवस सरांच्या खोलीत कसलाच आवाज नव्हता. मग एक घशातला, ओला, ओढलेला आवाज आला. त्याला मी ओळखलं नाही.

"हे... आं... ई."

"सर?"

"ई... भ... जड..."

मी विक्रांतकडून त्याचा फोन मागून घेतला. एका कानाला सरांचा फोन तसाच धरून दुसऱ्या फोनवरून मोमीन टेलर्सना लावला.

"सलाम ताई, बोला," मोमीनभाई म्हणाले.

"वर जा. आत्ता. सरांना झटका आलाय."

"काय बोलताय! परवाच फोन केला मी त्यांना. पायजम्याचं माप विचारायला. चांगले बोलले की!"

"तुम्ही वर गेला होतात?"

"फोन लागला म्हणून गेलो नाही, ताई," ते म्हणाले, आणि मला जिना चढणारी पावलं ऐकू आली. आधी त्यांच्या फोनवर. मग सरांच्या.

रुग्णवाहिका वीस मिनिटांत आली. आम्ही शेजाऱ्यांची गाडी मागून निघालो. विक्रांत चालवत होता, रेवू मांडीवर झोपली होती. यंत्र मूळ आवाज तीस दिवस ठेवतं, तो मी वाटेत ऐकला. सगळं चौपट वेगानं ऐकणारी बाई मी. त्या दिवशी वेग माणसाच्या बोलण्याएवढा केला.

पहिला बुधवार. सर म्हणतात, तोंडात लुगदी भरल्यासारखं, शब्द वेचत वेचत: कालपासून जीभ जड आहे. उजवा हात उचलत नाही. काय करू?

त्यावर मी म्हणते, "मस्त आहे सर ती! टिकल्या खाते नुसती." आणि हसते.

यंत्राला ते बोलणं बोलण्यासारखं वाटलं नव्हतं. फट म्हणून धरलं आणि फटीत, त्या वारी त्या वेळी सर जे नेहमी म्हणतात ते भरलं.

रविवार. सर म्हणतात: तुला कळतंय का माझं? वाईट वाटतंय का ऐकायला? मी म्हणते, "काय आवाज लागलाय आज! दहा वर्षांनी लहान झालात." त्यानंतर अकरा सेकंद काहीच नाही. फक्त पंखा. ती शांतताही यंत्रानं गाळली होती, मला ऐकू आली नव्हती. अकरा सेकंदांनंतर सर म्हणतात, "बरं."

दुसरा बुधवार मी ऐकला नाही. अजून ऐकलेला नाही.

"थांबवू का गाडी?" विक्रांतनं विचारलं.

"नको."

"रडतेस?"

"नाही."

"हेमा, मला दिसतं."

रुग्णालयातली डॉक्टर तरुण होती, सौम्य बोलणारी. म्हणाली, पहिल्या चार-पाच तासांत आले असते तर औषधानं बराच फरक पडला असता. अकरा दिवस म्हणजे फार झाले. मग तिनं विचारलं, "इतके दिवस ते कुणाशीच बोलले नाहीत का?"

मी म्हणाले, "बोलले. माझ्याशीच बोलले."

सरांच्या खाटेशी मला विक्रांतनं नेलं. औषधाचा आणि उकडलेल्या भाताचा वास होता. मी त्यांचा हात शोधला तर तो उजवा निघाला, उशीसारखा निर्जीव. मग त्यांचा डावा हात माझ्या मनगटावर आला.

"सर, दूधवाल्याला हाक नाही मारलीत? मोमीनभाईंना?"

त्यांना वेळ लागला. मी थांबले. असं थांबणं फार कठीण असतं. त्यांचं वाक्य आपणच पुरं करून टाकावं असं जिभेच्या टोकावर येत राहतं.

"तुला... सांगितलं," ते म्हणाले. "तुझे कान... तिखट. तू... हसलीस. म्हटलं... एवढं काही... नसेल."

माणसाला आपलं तोंड वाकडं झालंय का, ते आरशात बघता येतं. सरांकडे आरसा नव्हता. आपलं बोलणं बिघडलंय का, हे विचारायला त्यांच्याकडे एक मी होते. त्यांनी विचारलं आणि मी झकास म्हणाले.

"सर, सातव्याला मी 'नाही' दिलं नव्हतं. माझंच सगळं उचलून टाकलं होतं. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले. रेवूला ताप होता आणि..." ताप तर खराच होता.

खाटेच्या दांडीवर त्यांचं बोट ठकठक करत राहिलं. शाळेत उत्तर चुकलं की असंच करायचे. कुणीतरी पलीकडे स्टीलचा पेला पाडला. मग त्यांनी श्वास घेतला.

"सातवा प्रश्न," सर म्हणाले. आणि खूप वेळानं, "नापास."

मनगटावरचा हात त्यांनी काढला नाही.

यंत्र बनवणाऱ्यांना मी पत्र लिहिलं. उत्तर आलं, नम्र आणि लांबलचक. सार एवढंच, की ही सोय वापरणाऱ्याच्या संमतीनंच चालू होते, आणि आमच्या नोंदीनुसार आपण 'हो' म्हटलं होतं. मी ते सात वेळा वाचलं. त्यात टाइपाची एकही चूक नव्हती.

आता पाच महिने झाले. सर घरी आहेत. उजवा हात खांद्यापर्यंत उचलतो, टोचणी धरवत नाही. डाव्या हातानं लिहायला शिकताहेत. परवाच्या पत्रात रेवूचं नाव नीट लागलं. बोलणं अर्धं परत आलंय. उरलेलं येईल की नाही, ते डॉक्टर सांगत नाहीत. यंत्र त्यांनी पेटीत घालून ठेवलंय. बुधवारी आणि रविवारी आम्ही जुन्या फोनवर बोलतो. लाइन खरखरते, शब्द तुटतात, तुटले की मी विचारते, "काय म्हणालात सर?" आणि ते पुन्हा सांगतात. चार वाक्यांना वीस मिनिटं लागतात. मागे रेवू रडते, ते त्यांना ऐकू जातं. आईलाही आता ऐकू जातं. ती पुन्हा विचारायला लागलीय, तुला जमतंय ना गं बाळाचं. मी म्हणते, नाही जमत कधी कधी.

माझ्या यंत्रातल्या सातव्या प्रश्नाला आता 'नाही' आहे. त्या कळेवर रबराचा तुकडा लावलाय. तो रेवूला सोलता येत नाही.

आम्ही महिन्यातून एकदा कराडला जातो. त्याहून जास्त जमत नाही. एरवी मोमीनभाई रोज दोनदा वर चढतात, फोन न करता. पण येत्या महिन्यात त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे आणि ते पंधरा दिवस मुलीकडे इचलकरंजीला राहणार आहेत. दुकान बंद असेल.

म्हणून हे लिहिलं. तुम्ही कराडात असाल, किंवा तुमचं कुणी असेल, तर जुन्या भाजीमंडईमागच्या गल्लीत मोमीन टेलर्सच्या शेजारून जिना आहे. सतरा पायऱ्या. फोन करू नका, वर जा. दार वाजवलं की लगेच उघडणार नाही, पाय ओढत येतात. निघून जाऊ नका. खंडागळे सर काहीतरी सांगायला लागतील आणि मध्येच अडतील. तुम्हाला पुढचा शब्द माहीत आहे असं वाटेल.

तो बोलू नका. त्यांचं वाक्य त्यांना पुरं करू द्या, मग मला कळवा, ते काय म्हणाले.